कुणाची गं तू?

परवा शिराळ्याला गेले होते. पेठ नाक्याहून धरलेली एसटी स्टँडात लागली. पिशवी सांभाळत खाली उतरते तोच कडेला बसलेल्या एका म्हातारीनं कपाळावर हात आडवा धरून विचारलं, "कुणाची गं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं, आळी सांगितली. "म्हंजी पानाचा मळा व्हता त्यांची? तुझी आज्जी उंच, काळीसावळी, लई कडक?" मी हो म्हटलं. मग दिली कुठं, पोरं किती, मालक हायत न्हवं, सगळं विचारून झालं. पाच मिनिटांत माझा सत्तर वर्षांचा हिशेब तिच्याकडं गेला. तिचं नाव मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्याकडं माणसाचं नाव नंतर येतं. आधी घर, मग आळी, मग भावकी, बाईमाणूस असेल तर माहेर. हा प्रश्न मला परका वाटत नाही. परगावी आजारी पडलेल्या माणसाला याच प्रश्नानं ताटभर जेवण मिळवून दिलेलं मी पाहिलंय. पण मनातलं दुखणं सांगायला कुणी तोंड उघडलं आणि समोरून पहिलं वाक्य "कुणाची गं तू?" असं आलं, की ते तोंड मिटतं. कारण त्या क्षणापासून बोलणारी एकटी राहत नाही. तिच्यामागं सासर, माहेर, दिराचं लग्न, धाकट्या बहिणीची सोयरीक, सगळं येऊन उभं राहतं.

मी एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली पहिली बारा-तेरा ट्रंक बोर्डावर. निवृत्त झाल्यावर लेकीकडं पुण्यात राहायला गेले आणि तिथं सात वर्षं मनाला आधार देणाऱ्या एका हेल्पलाइनवर आठवड्यातून दोन दिवस फोन घेतले. त्या सात वर्षांत ऐकलेल्या एकाही फोनबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. नाव बदलूनसुद्धा नाही. नाव बदललं तरी आळी ओळखते, हे शिराळ्यात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. मला लिहायचंय ते ऐकून न सांगण्याच्या कामाबद्दल. हे काम आपल्याकडं फार जुनं आहे आणि त्याची नोंद कुठं फारशी नाही, कारण ते चांगलं केलं तर नोंद उरतच नाही.

माझं हे काम सुरू झालं दहाव्या-अकराव्या वर्षी. १९६५-६६ साल असेल. शिराळा तालुक्यातली निम्मी घरं तेव्हा मुंबईच्या पैशावर चालायची. पुरुष लालबाग-परळच्या गिरण्यांत, एकेका गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. बायका इथं शेत आणि सासू-सासरे बघणाऱ्या. महिन्याला मनीऑर्डर यायची. तिच्या फॉर्मच्या खाली चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे आणि त्या चार ओळींत नवरा-बायकोचा महिन्याचा संसार बसवावा लागे. पत्र आलं तर कार्ड, नाहीतर निळं इनलँड. कार्ड पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलेलं असायचं. इनलँड मात्र चिकटवलेलं यायचं आणि ते उघडून वाचून दाखवायला आळीतल्या बायका माझ्याकडं यायच्या, कारण मुलींत मी एकटीच सातवीच्या वाटेवर होते.

आजीनं पहिल्याच दिवशी मला चुलीपुढं बसवून सांगितलं, "वाचलंस? मग हितंच इसरायचं. उंबऱ्याभायेर न्यायचं न्हाई."

मी एकदा ते बाहेर नेलं. काय होतं ते आजही सांगणार नाही. एवढंच की एका पत्रात नवऱ्यानं लिहिलेली एक गोष्ट मी नदीवर मैत्रिणीला सांगितली. मोरणेच्या काठावर कपडे धुता धुता सांगितलेलं संध्याकाळपर्यंत आळीत आलं. ती बाई मला एक शब्द बोलली नाही. पुढचं पत्र आलं तेव्हा ते पदराखाली धरून ती आमच्या दारावरून गेली आणि दोन आळ्या ओलांडून एका परक्या मास्तरांकडं वाचून घेऊन आली. आजीला कळलं. तिनं मारलं नाही. म्हणाली, "तिला आता वाचणारं माणूस ऱ्हायलं न्हाई, हे तू केलंस." मी म्हटलं, मास्तर आहेत की. आजी म्हणाली, "त्यो बाप्या हाय. त्येच्याफुडं ती निम्मंच इच्यारंल." नवऱ्याला उलट काय लिहायचं हे ती मास्तरांना मोकळेपणानं सांगू शकणार नव्हती. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. आजीच्या आलं होतं.

आजीची ही शिस्त कुठून आली होती, ते मला बरंच नंतर कळलं. आजीच्या तरुणपणी आमचा भाग सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा निघाला १९४९च्या ऑगस्टमध्ये, आणि सांगली हे नाव मिळालं १९६० साली. १९३० मध्ये बिळाशीच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला तेव्हा आजी नवी नवरी होती. पुढं १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार वाळवा, शिराळा, तासगाव, कराडच्या खेड्यांतून चाललं. इंग्रजांचे पोलीस असतानाच गावागावांत लोकांची न्यायमंडळं बसत होती. भूमिगत माणसं रात्री मळ्यातल्या वस्त्यांवर यायची, भाकरी खायची, उजाडायच्या आत वारणेकडच्या रानात निघून जायची. आमच्या मळ्यातही यायची. कोण यायचं? आजी सांगायची, "म्या नाव इच्यारलं न्हाई. भाकरी किती, एवढंच इच्यारायचं." एकदा पोलीस पार्टी आली. आजोबांना अंगणात उभं करून विचारपूस झाली, मारही बसला. त्यांना सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं. आजी म्हणायची, ठाऊक असतं तर मार खाता खाता कुठल्यातरी फटक्याला ते निघालं असतं; माणूस आहे. म्हणून विचारायचंच नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक मला हेल्पलाइनवर गेल्यावर नीट कळला. पत्र वाचताना मला सगळं माहीत होतं आणि ते मी पोटात ठेवायचं होतं. मळ्यात आजीला काही माहीतच नव्हतं आणि तिनं ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. पहिल्यात सगळा भार माझ्या इमानावर, आणि दहा वर्षांच्या पोरीचं इमान नदीवर गेलं की सुटतं. दुसऱ्यात इमान तर लागतंच, पण ते मोडलं तरी हाती काही लागत नाही. नाव न विचारता भाकरी वाढणं ही मला आजवर कळलेली गुप्ततेची सगळ्यात पक्की रीत आहे.

या दोन्हींच्या मधली एक रीत बायकांनी जात्यावर चालवली होती. पहाटे चारला आळीत एकेका घरातून जात्याची घरघर सुरू व्हायची आणि तिच्याबरोबर ओवी. सासूचा जाच, माहेरची ओढ, मेलेलं लेकरू, सगळं तिच्यात यायचं. भिंतीपलीकडच्या बाईला ते ऐकू जायचं. पण ओवीचे शब्द सगळ्यांचे असायचे, त्यामुळं दुःख कुणाचं हे ठरवता यायचं नाही आणि सकाळी पाण्याला जाताना कुणी विचारायचंही नाही. गिरणीचं पीठ आलं आणि जाती कोपऱ्यात गेली. आमच्या आळीतलं शेवटचं जातं बंद पडलं तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण रडायची एक जागाही त्याबरोबर गेली. तिच्या बदली कुणी काही दिलं नाही. महादेवाच्या देवळात नंदीच्या एका कानावर हात धरून दुसऱ्या कानात बोलणाऱ्या बायका मात्र मी अजून पाहते. दुसरा कान झाकायचा, म्हणजे आत गेलेलं बाहेर येणार नाही.

१९७६ मध्ये मी खात्यात लागले. एक्स्चेंज कुठलं ते सांगत नाही. सांगली जिल्ह्यातलंच एक लहान गाव. शंभर नंबरांचा बोर्ड. कुणी फोन उचलून हँडल फिरवलं की त्याच्या नंबराचं लहानसं झाकण खटकन खाली पडायचं. मग त्या भोकात कॉर्ड घालायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, दुसरी कॉर्ड हव्या त्या नंबरात घालून रिंग द्यायची. गावातल्या गावात हे सोपं होतं. मुंबईला बोलायचं तर ट्रंक बुक करावा लागे: साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. लाइटनिंगचे पैसे आठपट, तो बहुधा व्यापारी तरी करत नाहीतर घरात मयत झालेले. ठरावीक माणसालाच बोलवायचं असेल तर पी.पी. कॉल. प्रत्येक कॉलचं तिकीट फाडायचं: कुठून, कुठं, किती वाजता, किती मिनिटं. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं.

मध्ये तोंड घालायचं म्हणजे आधी ऐकावं लागायचं. लाइन चालू आहे का, आवाज जातोय का, हे बघायला बोर्डावरची कळ पुढं ढकलली की दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानात. कामाचा भागच तो. माझ्याआधी वीस वर्षं बोर्डावर असलेल्या बाईंनी मला बसवताना दोन गोष्टी दाखवल्या. एक, कळ पुढं ढकलून किती मोजायचं: तीन. तिनापर्यंत आवाज कळतो, विषय कळत नाही. दुसरी, भिंतीवर टांगलेला कायद्याचा कागद. १८८५च्या भारतीय तार कायद्यात कलम २६ होतं. खात्याच्या माणसानं मजकूर दुसऱ्याला कळवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. बाई म्हणाल्या, "कैद कुणाला झालेली मी बघितली नाही. पण घरं मोडलेली बघितलीत."

त्या खुर्चीत बसून गावाचं सगळं कळायचं. सोयरीक कुठं मोडली, कर्ज कुणी उचललं, मुंबईला कुणाला दवाखान्यात घातलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढची दोन वर्षं मुंबईचे ट्रंक बदलले. आधी "पैसे पाठवलेत" असायचं, नंतर "धान्य पाठवा." त्यानंतर बरेचसे थांबलेच, बोलायला पैसे नव्हते. तिनापर्यंत मोजूनही एवढं कळायचं. घरी गेले की शेजारीण सहज विचारायची, "अमक्याकडं आज मुंबईचा फोन आल्ता म्हणं?" मी म्हणायचे, "मला नंबर दिसतो, घर दिसत नाही." हे खोटं होतं. शंभर नंबर मला तोंडपाठ होते. पण तेच वाक्य मी तेरा वर्षं बोलले आणि हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. माझं नाव झालं, हिच्या पोटातून काही निघत नाही. मला त्याचा अभिमान होता.

तो अभिमान एका रात्रीत उतरला. साल १९८४ असावं. पावसाळ्याचे दिवस, साडेनऊ वाजलेले. बदलीवालीच्या जागी मी थांबले होते. पोस्टाशेजारच्या सार्वजनिक फोनवरून झाकण पडलं. बाईचा आवाज, दबका. मुंबईचा नंबर सांगितला, पी.पी., बहिणीचं नाव दिलं. आवाजावरूनच कळत होतं की ही खूप वेळ रडून आलीय. मी म्हटलं, "अर्धा तास लागेल, थांबता का?" माझा आवाज तिला नीट ऐकू गेला. क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "तू हाईस व्हय? मग ऱ्हाऊ दे." आणि फोन ठेवला.

मी ते कुणाला सांगितलं नसतं. हे तिलाही माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी तिनं ठेवला. कारण मी सांगितलं नसतं तरी मला ठाऊक झालं असतं, आणि उद्या बाजारात, परवा हळदीकुंकवाला तिला माझ्या डोळ्यांत ते ठाऊक असणं बघावं लागलं असतं. गावात गुपित राखणारी माणसं होती, चांगली होती. पण ती ओळखीची होती. ओळखीच्या माणसाला सांगितलेलं गुपित रोज समोरून चालत येतं. त्या बाईला त्या रात्री अनोळखी ऑपरेटर हवी होती. मी नेमकी तेवढी नव्हते. ती आता हयात नाही. तिला काय बोलायचं होतं ते मला कधी कळलं नाही, म्हणूनच हे लिहायला माझा हात धजतो.

पुढं ऑटोमॅटिक एक्स्चेंज आली, कॉर्ड गेल्या, मी काउंटरवर आणि तक्रारींच्या टेबलावर गेले. गावोगाव पिवळ्या पाट्या लागल्या: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काचेची केबिन, आत पंखा, वर लाल आकड्यांचं मीटर. लोकांना वाटलं, आता मध्ये कुणी ऑपरेटर नाही, बोलणं आपलं आपल्याकडं. पण कॉल संपला की यंत्रातून चिठ्ठी निघायची, तिच्यावर लावलेला नंबर आणि मिनिटं छापलेली, आणि तिची एक प्रत बूथवाल्याच्या तारेला टोचून राहायची. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं कॉलेज अशाच एका चिठ्ठीनं सुटलं. एकच नंबर चार आठवडे, दर गुरुवारी. बूथवाल्यानं तिच्या चुलत्याला सहज म्हणून सांगितलं. नंबर मैत्रिणीचा निघाला, पण तोवर शिक्षण थांबवायचं ठरून गेलं होतं. त्या माणसाला कुठल्या कायद्याचा कागद भिंतीवर लावायला सांगितलेला नव्हता. आमचा धंदा यंत्राकडं गेला, पण धंद्याची शिस्त बरोबर गेली नाही. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिलं. ट्रंक बोर्डावरच्या बायकांबरोबर काय गेलं यावर मी कुठं वाचलं नाही.

हेल्पलाइनवर बसण्याआधी शिकवणी असते. त्या काळात मी या कामाचा मागचा इतिहास जमेल तसा वाचला आणि मला आढळलं की नाव न विचारता मदत करायची कल्पना आपल्याकडं फोनच्याही आधीची आहे. १८६३ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढं दोनच वाटा असत, आपला जीव देणं किंवा मूल मारून काळ्या पाण्यावर जाणं. फुल्यांनी गावात जाहिराती लावल्या: इथं येऊन गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. आपल्या घराचा पत्ता उघड आणि येणारीचं नाव झाकलेलं. हेल्पलाइनचं सगळं गणित यात आहे. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम सुरू केला. पंढरपूर निवडण्यात शहाणपण होतं. वारीच्या निमित्तानं कुठल्याही गावची बाई तिथं जाऊ शकत होती आणि घरी कुणी विचारत नव्हतं, कशाला चाललीस.

मग र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं असत. जे प्रश्न आईला, नवऱ्याला, वैद्याला विचारता येत नव्हते ते लोक पोस्टानं या एका माणसाला विचारत होते, आणि तो कुणालाही नीतीचे धडे न देता माहिती देत होता. त्या उत्तरांसाठीच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झाला. प्रश्न विचारणारे झाकलेलेच राहिले, उत्तर देणारा कोर्टात उभा राहिला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ ला गेले आणि नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला.

त्याच नोव्हेंबरच्या २ तारखेला लंडनमध्ये चाड वारा नावाच्या पाद्र्यानं आपल्या चर्चमध्ये एका टेलिफोनवर पहिला फोन घेतला. समॅरिटन्स ही आज जगभर पसरलेली चळवळ तिथं सुरू झाली. वारांच्या मनात १९३५ सालचं एक दफन होतं. चौदा वर्षांच्या एका मुलीनं जीव दिला होता. पाळी सुरू झाली ते तिला वाईट रोग वाटलं आणि विचारायला माणूस नव्हतं. म्हणजे मुंबईचे कर्वे आणि लंडनचे वारा एकाच लाजेशी झगडत होते, आणि एकाचं काम ज्या महिन्यात थांबलं त्याच महिन्यात दुसऱ्याचं सुरू झालं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मी तो योगायोग वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

वारांच्या चर्चमध्ये पुढं आणखी एक गोष्ट झाली. भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची, त्यांना चहा द्यायला साधी माणसं बसलेली असत. वारांच्या लक्षात आलं की बरेच लोक चहा पिता पिता त्या साध्या माणसांशीच बोलून, हलके होऊन, आपल्याला न भेटताच घरी जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोनही त्या माणसांच्या हाती दिला. माझ्यासारखी ऑपरेटर बाई पुण्यात त्या खुर्चीत बसू शकली ती त्या चहामुळं. आपल्याकडं अशाच कामासाठी चेन्नईत 'स्नेहा' १९८६ मध्ये उभी राहिली, नवी मुंबईत 'आसरा' १९९८ मध्ये, पुण्यात 'कनेक्टिंग' २००५ मध्ये.

शिकवणीत पहिला नियम हाच की नाव विचारायचं नाही. गाव विचारायचं नाही. जात, आडनाव, काम, काही नाही. सांगितलं तर ऐकायचं. आपलंही खरं नाव द्यायचं नाही. मला हा नियम अंगवळणी पडायला तीन महिने लागले. कारण एखादा शब्द कानावर पडला, एखादा हेल ऐकू आला, की जीभ आपोआप वळायची: तिकडचीच ना तू? वारणेकाठचा हेल मला झोपेतही कळतो. आपुलकीच असते ती. पण त्या एका आपुलकीच्या प्रश्नानं फोनच्या पलीकडची बाई पुन्हा कुणाची तरी होऊन जाते. मी दातांखाली जीभ धरायला शिकले. दर वेळी मला १९८४ची ती रात्र आठवायची.

आपल्या देशात नाव लपवायला आणखी एक कारण होतं, आणि ते लाजेचं नव्हतं. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला वर्षभरापर्यंतची कैद सांगत होतं. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसापुढं पोलीस कागद घेऊन बसायचा. अशा देशात 'माझ्या मनात असं येतंय' हे कुणाला नावानिशी सांगायचं कसं? २०१७चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला, तेव्हा असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरावं, त्याला शिक्षा नको, असं कायद्यानं म्हटलं. त्याच कायद्यात माहिती गुप्त राहण्याचा हक्कही लिहिला गेला. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम आता नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी असा प्रयत्न केला तरच गुन्हा. दीडशेहून अधिक वर्षं लागली याला.

गुप्ततेला अपवाद असतो, तो लपवून चालणार नाही. फोनवरचा जीव आत्ता, या घटकेला जाणार असं दिसलं, किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर काय करायचं? या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. काही हेल्पलाइन शेवटपर्यंत माणसाच्या मर्जीवर सोडतात, काही मदत पाठवायचा प्रयत्न करतात. माझं मत ठाम आहे: जीव वाचवायला वचन मोडावं लागलं तर मोडावं, पण ते कधी मोडू हे फोन करणाऱ्याला आधी सांगितलेलं असावं. काय लिहून ठेवतो, आवाज साठवतो का, नंबर पडद्यावर दिसतो का, हे पहिल्या मिनिटात साध्या मराठीत सांगावं. आम्ही बोर्डावर कळ पुढं ढकलायचो ते लोकांना ठाऊक नव्हतं, आणि ते बरोबर नव्हतं.

दुसरी उणीवही सांगते. अनोळखी माणूस ऐकून घेतो, पण सकाळी तांब्याभर पाणी घेऊन येत नाही. ते गावच करतं. म्हणून फोन ठेवता ठेवता आम्ही हळूच विचारायचो, जवळचं असं एखादं माणूस आहे का, ज्याच्याशी थोडं बोलता येईल?

आज शिराळ्यात प्रत्येक घरात दोन-तीन मोबाइल आहेत. पण सुनेचा फोन दीर उघडतो, मुलीचा फोन भाऊ तपासतो, आणि कुणाला किती वाजता लावला याची यादी फोनच्या पोटात तारेवरच्या चिठ्ठीसारखी टोचून असते. मनाच्या दुखण्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

शिराळ्यातलं, वाळव्यातलं कुणी हे वाचत असेल तर माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या कुणाच्या फोनवर हा नंबर लावलेला दिसला, तर कशाला लावला म्हणून विचारू नका, चारचौघांत तर नाहीच. फोन होता तिथं ठेवा. तिच्याजवळ बसा आणि जेवलीस का, ते विचारा.